शेवंतीच्या तोड्यापर्यंत

आमच्या आत्याशी बोलताना आपलं वाक्य संपायच्या आत तिचं "काहून?" यायचं. लग्न ठरलं, काहून? नोकरी सोडली, काहून? चांदूर रेल्वेला तिचा शेवंतीचा मळा होता. तोड्याच्या हंगामात फुलं घ्यायला येणारे व्यापारी तिला काहूनबाईच म्हणत.

पंचाहत्तरी उलटल्यावर एका पावसाळ्यात तिचे शब्द चुकायला लागले. विळ्याला ती किल्ली म्हणाली आणि स्वतःच दचकली. अमरावतीत एमआरआय झाला, अकोल्यात ऑपरेशन. मेंदूतली गाठ निघेल तेवढी काढली. ती वेगानं वाढणाऱ्या कॅन्सरची निघाली.

मुलगा प्रकाश पुण्याहून आला. आईला काही सांगू नका, पण होतील तेवढे सगळे उपचार करा, असं त्यानं डॉक्टरांना बजावलं. आत्यानं ते ऐकलं.

"काहून लपवून राहिला रे? डोकं माहं हाय ना?"

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. आजार पूर्ण बरा होणार नाही, उपचारानं थोडा काळ मिळेल, हे त्यांनी सरळ सांगितलं. मग विचारलं, "तुम्हाला काय हवंय, आजी?"

ती बराच वेळ शब्द शोधत राहिली. "शेवंतीचा तोडा पाहाचा हाय. आन् बोलता आलं पाह्यजे."

या वयात लांबलचक रेडिएशन झेपणार नाही, म्हणून डॉक्टरांनी थोड्या आठवड्यांचा कोर्स ठरवला, सोबत गोळ्या. प्रकाशला ते कमी वाटलं. रागानं तो माझ्याशीही बोलेना.

आत्या माझ्याकडे अकोल्यात राहिली. डोकं हलू नये म्हणून रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळत. "पोत्यातली कोबी केली माही," ती म्हणायची. मेंदूची सूज उतरवायच्या गोळ्यांनी तिला सारखी भूक लागे; भर दुपारी झुणका-भाकर मागायची.

दिवाळीच्या सुमारास शब्द बरेच परतले. मी तिला मळ्यावर नेलं; बांधावर खाट टाकून तिनं तोडा पाहिला, आणि कच्च्या कळ्या खुडणाऱ्या बायांना एकेकीचं नाव घेऊन रागावली.

उन्हाळ्यात डोकेदुखी परत आली, तसा प्रकाश पुन्हा पुण्याहून आला. डॉक्टरांनी आणखी एक औषध सुचवलं. कितपत उपयोग होईल याची खात्री त्यांनाही नव्हती. आत्यानं प्रकाशकडे पाहिलं.

"घरी ने मले."

या वेळी त्यानं हुज्जत घातली नाही. रजा काढून राहिला. तिला भरवायचा, उरलेल्या केसांना तेल लावायचा. एका सकाळी त्याच्या मांडीवरच ती गेली.

तेरावं झाल्यावर, पुण्याला निघण्यापूर्वी त्यानं डॉक्टरांना फोन लावला. मी शेजारीच होते.

"विचारायचं काही नाही, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "आई शेवटपर्यंत मला नावानं हाक मारत होती. एवढंच सांगायचं होतं."