निम्म्या खर्चाचं लग्न

"आमाला कायबी नको पाव्हणं. उलट दोन्हीकडचा खर्च आमचा," असं माझ्या लग्नाच्या बैठकीत मुलाचे वडील म्हणाले आणि आमच्या घरात दिवाळीच आली. वडूजजवळची आमची जमीन कोरडवाहू. थोरल्या बहिणीच्या लग्नात हुंडा, मोटरसायकल, भांडीकुंडी देता देता वडिलांचं कंबरडं मोडलं होतं. आता वारं फिरलं होतं. या मुलाकडं सांगलीजवळ बागायती ऊस होता, ट्रॅक्टर होता, नवाकोरा बंगला होता. नव्हती ती फक्त बायको. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळेनात, म्हणून पोरांचे बाप मऊ झाले होते.

मुलगा मला आवडला होता. बघायला आला तेव्हा "पोह्यात मीठ जास्त झालंय," असं तोंडावर सांगून त्यानं पोहे परत मागून खाल्ले होते. असा माणूस मला हातचा घालवायचा नव्हता.

माशी शिंकली ती स्वयंपाकघरात. चहा ओतता ओतता बहीण हळूच म्हणाली, "माज्या येळी आपण दिलं, तरी 'एवढ्यानं काय हुतंय' म्हणून मलाच ऐकावं लागलं. तुज्या येळी ते देनार. मग तुला काय काय ऐकावं लागंल?"

तो चहा मी घेऊन गेले खरी, पण कप खाली ठेवायच्या आतच बोलून बसले. सांगलीला राहून विश्रामबागच्या एका लॅबमध्ये मी नोकरी करत होते, गाठीला थोडे पैसे होते. म्हटलं, "खर्च निम्मा-निम्मा करायचा. आमचा निम्मा मी देणार."

वडिलांचा चेहरा पार उतरला. होणारे सासरे फौजेतून रिटायर झालेले, मिशा वर वळवलेल्या. ते ताडकन उठले. "आमच्यात काय कमी हाय? एकदा दिलेला शब्द मी माघारी घेत न्हाई!" त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. मान राखायला गेले आणि नवराच घालवून बसले, असं वाटलं.

दाराजवळ त्यांची बायको बसली होती. त्या म्हणाल्या, "आवं, बसा खाली. माज्या बापानं तुमास्नी हुंडा दिला, तरी ऐकायचं मलाच आलं. हिच्यापायी आपण खर्च केला, तरी ऐकायचं हिलाच येनार. पैसा कुनाचाबी असू द्या, बोलनी बाईलाच. पोरगी शानी हाय. निम्मं-निम्मं करा."

सासरे बसले. इतका वेळ जमिनीकडं बघत असलेला मुलगा एकदम म्हणाला, "मला पसंत हाय." त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे खो-खो हसले आणि सुपारी फुटली.

पण निम्मं म्हणजे किती निम्मं! आचारी दोन आले, एक त्यांचा, एक आमचा. दोघांचंही म्हणणं की आमटी माझीच. शेवटी दोन आमट्या झाल्या, आणि लोक एका पंगतीतून उठून "चव बघाय" म्हणून दुसरीत बसले. बँड दोन होते. मांडवाच्या दारात दोघांनी एकदमच वेगवेगळी गाणी सुरू केली, आणि भटजींच्या मंगलाष्टका कुणालाही ऐकू आल्या नाहीत. बहिणीच्या लग्नात माझे वडील दिवसभर हात जोडून उभे होते. माझ्या लग्नात ते व्याह्यांच्या खांद्यावर हात टाकून नाचले. पाठवणीला मी रडले नाही. रडले ती त्यांचा नाच बघून. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

महिनाभरानं मी जेवताना सांगितलं, "सोमवारपासून कामावर जाते."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "बंगल्यातल्या सुनेनं दुसऱ्याच्यात नोकरी करायची? लोक काय म्हंतील?"

"माझी नोकरी लग्नाआधीपासूनची आहे, मामा."

"आगं पर आमी तुज्या लग्नात..." असं म्हणून ते थांबले. पुढं काही सापडेना. वर बघितलं, ताटाकडं बघितलं, मिशीला हात लावला, तरी सापडेना. नवरा खिडकीतून उसाकडं बघायला लागला, पण त्याचे खांदे हलत होते.

सासूबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "बोला की! फुडं बोला!" म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं. मग मनगटानं डोळे पुसत म्हणाल्या, "माज्या बापाचं नाव काडून सुरू केलेलं बोलनं मातूर ह्यांनी कवा मधी सोडलं न्हाई."

हसणं थांबलं. सासरे उठले, हात धुतले आणि माझ्या स्कूटीत पेट्रोल आहे का बघायला बाहेर गेले.