दोन मिनिटांचं गाणं आणि त्याचा उतार

आमच्या बँडचं कोणतंही गाणं दोन मिनिटांपेक्षा लांब नव्हतं. त्यामागे तत्त्व आहे असं गायक सांगत असे. खरं म्हणजे त्यापुढे आम्हाला येत नव्हतं.

आम्ही चौघं होतो. गायक शहापूरचा. कीबोर्डही तोच वाजवायचा. तो त्याने हळदीत वाजवणाऱ्या एका बेंजो पार्टीकडून जुना घेतला होता. गिटारवाला मुरबाडच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. ड्रमर सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातला. मी बेस वाजवायचो आणि दिवसा एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. पंक, न्यू वेव्ह हे शब्द आम्ही मोबाइलवरच्या व्हिडिओंतून उचलले होते. सराव सापगावच्या एका भातगिरणीत, हंगाम संपून ती बंद पडली की. आवाज ऐकून शेजारचे म्हातारे दारात येऊन उभे राहत.

"वाजवतात का भांडतात रे?" पहिल्याच दिवशी एकाने विचारलं.

"भांडत असते तर येवढ्यात मिटलं नसतं," दुसरा म्हणाला.

आमची ओळख झाली ती शेवटांमुळे. गाणं ऐन भरात असताना आम्ही चौघं एकाच ठोक्यावर थांबायचो. लोक दचकायचे, मग शिट्ट्या पडायच्या. गणपतीच्या मंडपांत, कॉलेजच्या गॅदरिंगला हेच चाललं.

सर्वांत गाजलेलं गाणं धरणाच्या पाण्यावर होतं. आमच्या भागातून शहराकडे जाणारे पाइप आणि त्यांच्या कडेने हंडे घेऊन चालणाऱ्या बाया. त्याला ड्रमरने एक ठेका आणला. तो त्याच्या वडिलांचा होता. गावच्या देवीच्या पालखीपुढे ते ढोल वाजवायचे. ठेका सावकाश सुरू होतो, चढत जातो आणि पालखी देवळाच्या पायऱ्यांशी पोचेपर्यंत काही बायकांच्या अंगात देवीचं वारं येतं. ड्रमरने चढाचा शेवटचा, सर्वांत वेगाचा तुकडा घेतला. वडील वारले होते. गावाने पालखीपुढे डीजे लावायला सुरुवात केली होती. ठेका मरू नये एवढाच त्याचा हेतू होता.

म्हसा गावची जत्रा संपल्यावर ड्रमरच्या गावातल्या पोरांनी आम्हाला बोलावलं. जागा म्हणजे भात झोडून मोकळं झालेलं खळं. दुपार कलली होती. पुढे सतरंजीवर बायका बसल्या. पहिल्याच रांगेत ड्रमरची आई होती, नवं लुगडं नेसून.

"काय गो, पोराचं लगीन का आज?" शेजारणीने टोमणा मारला.

"लगीन करत नाय मेला. म्हणून ह्योच सोहळा बघाचा."

तिला हृदयाचा त्रास होता. चढ चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जिभेखाली ठेवायची गोळी तिच्या कापडी पिशवीत असायची. आम्हाला हे माहीत होतं, कारण ड्रमर सराव थांबवून फोन करायचा आणि पिशवी जवळ आहे का विचारायचा. आमचं वाजवणं तिने तोवर ऐकलं नव्हतं.

पाण्याचं गाणं सुरू झालं तशी ती उठली. आई नाचतेय असं वाटून गायकाने तिच्याकडे बघून हात हलवला. पोरांनी मोबाइल वर केले. सतरंजीवरच्या म्हाताऱ्या बायका मागे सरकताना मला दिसल्या. आईचा अंबाडा सुटला. तिचे डोळे आमच्यावर नव्हते, कशावरच नव्हते. मी ड्रमरकडे पाहिलं. झांजेच्या आडून त्याला पुढचं दिसत नव्हतं. तेवढ्यात ठरलेला ठोका आला आणि आम्ही चौघं थांबलो.

शिट्टी पडली नाही. खळ्यात एकच आवाज उरला, तिच्या पायांचा. त्याच वेगाने.

ड्रमरचा काका धावत पुढे आला. "थांबलास कसा रे? वारं चढवून असं मधीच सोडतात का?"

"काका, तिला धरा. गाडी काढा, मुरबाडला दवाखान्यात नेऊ," ड्रमर झांजेमागून उभा राहून म्हणाला.

"हात लावायचा नाय कोणी! वाऱ्यात धरलं त माणूस जातं. उतरव तिला."

"मला उतार येत नाय."

काकाला ते खरं वाटेना. पण ते खरंच होतं. उतार, म्हणजे वारं उतरवणारा, सावकाश होत जाणारा ठेका, देवळाच्या आत वाजतो. त्याच वेळी बाहेर पायऱ्यांवर शेरणी, म्हणजे खोबरं आणि गूळ, वाटतात. गावातली सगळी पोरं तिकडे पळतात. ड्रमरही दरवर्षी पळत असे. आत वाजणारा ठेका ज्यांनी जवळून ऐकला त्यांत वाजवणारा आता कोणी नव्हता.

अंगात देवी येते यावर माझा विश्वास नाही. हृदय बंद पडतं यावर आहे. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि श्वासाला शिटीसारखा आवाज येत होता. गायकाने सतरंजीवरून पिशवी उचलली, गोळी हातात घेतली आणि तो पुढे गेला. दोघांनी त्याला अडवलं.

"एक गोळी फक्त देतो, दादा."

"देवी हाय ती. गोळी देतो देवीला?"

ड्रमरने स्टूल बाजूला ओढलं, आई दिसेल असं. मान न वळवता तो मला म्हणाला, "तू पण वाजव. एकच सूर. सोडू नको."

तो तिच्या पायांकडे बघत होता. पाऊल पडेल तिथे त्याने ठोका मारायला सुरुवात केली. आम्ही नेहमी ठेक्याच्या पुढे धावायचो. तो पहिल्यांदाच कोणाच्या तरी मागून चालला. काही वेळ तसंच गेलं. मग त्याने एक ठोका किंचित उशिरा मारला. ती अडखळली. बायकांतून "अगो बाय" असा आवाज उठला. मला वाटलं, संपलं. ती पडली नाही. त्याने लगेच जुना वेग धरला.

पुन्हा उशीर केला, या वेळी कानाला कळणार नाही इतका. तिचं पाऊल हवेत थांबलं, ठोक्याची वाट पाहिली आणि ठोक्यावर पडलं. मग पुढचं. मी एक तार धरून होतो. बोटांच्या पेरांची जाणीव गेली होती. थांबलो तर काय होईल, याखेरीज दुसरा विचार डोक्यात येत नव्हता. माझ्या आठवणीत ते आमचं सर्वांत लांब गाणं आहे.

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा ती खाली बसली. काकाने तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि गायकाला वाट करून दिली. गायकाने गोळी तिच्या जिभेखाली ठेवली. जीपमध्ये तिचं डोकं ड्रमरच्या मांडीवर होतं. मुरबाड जवळ आल्यावर तिने विचारलं, "तुमचं गाणं संपलं, का मधीच सोडलं?"

डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी सोडताना म्हणाले, पुन्हा असं झालं तर इथे आणण्याची वेळही मिळणार नाही.

ते गाणं आम्ही सोडून दिलं. बाकीच्या गाण्यांचे शेवटही बिघडले. ठरलेल्या ठोक्यावर आम्ही तिघं थांबायचो आणि ड्रमर पुढे वाजवत राहायचा, हळूहळू कमी करत. त्याला एकदम थांबता येईना. शिट्ट्या बंद झाल्या. पुढे बोलावणीही बंद झाली. बँडचा इतिहास इथेच संपतो.

आईचं मात्र संपलं नव्हतं. नवरा गेल्यापासून देवी आली नव्हती, ती पोराने आणली, असं ती म्हणू लागली. "परत वाजव. येकदाच."

"डॉक्टर काय बोलला, ऐकलास ना?"

"डॉक्टर वळखतो काय देवीला?"

रोजच्या हट्टाला कंटाळून त्याने वडिलांचा ढोल खाली काढला. संध्याकाळी ओटीवर बसून तो फक्त उतार वाजवतो, त्या दिवशी सापडला तसा. नुसत्या उताराने वारं येत नाही, असं त्याचं म्हणणं आहे.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. तो वाजवत होता. आई भिंतीला टेकून, पाय पसरून, डोळे मिटून बसली होती. पिशवी मांडीवर होती. मधेच तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलू लागला, ठोक्याच्या किंचित पुढे. मी ड्रमरकडे पाहिलं. त्याने ते आधीच पाहिलं होतं. तो थांबला नाही. तो वेग कमी करत गेला, आणखी कमी, आणि आम्ही दोघं त्या अंगठ्याकडे बघत राहिलो.