शेहेचाळिसावं पान

इंग्लंडातल्या बॅरो गावात ग्वेंडा कर्वेनला लोक ओळखतात ते चष्म्याच्या दुकानातली बाई म्हणून. काडी कानामागे टोचते का, असं ती विचारते आणि उत्तर यायच्या आत ती वाकवून मोकळीही होते. पण आणखी एक जग आहे, जिथे तिचं नाव ऐकलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. ते जग पदरमोड करून विज्ञान कादंबऱ्या छापणाऱ्यांचं. त्यात शाळामास्तर आहेत, ट्रकवाले आहेत, निवृत्त नर्सबाया आहेत. त्यांच्या पुस्तकांना कुठलं वर्तमानपत्र विचारत नाही. ती वाचून कुठलं घ्यावं, हे लोकांना सांगणारी ग्वेंडासारखी काही वेडी माणसं आहेत आणि तीही हे काम फुकट करतात.

ग्वेंडाची एक रीत होती. पुस्तक आवडलं तर ती आपल्या ब्लॉगवर भरभरून लिहायची. नाही आवडलं तर कितव्या पानावर खाली ठेवलं तो आकडा आणि त्याखाली एकच वाक्य. त्या एका वाक्यासाठी वाचक टपून बसायचे, कारण दुसऱ्याची फजिती कुणाला नको असते? आणि एकदा लिहिलेलं ती कधीही बदलत नसे. बाईची पत होती ती एवढ्याच गोष्टीवर.

दरवर्षी या लोकांची एक स्पर्धा होते. परीक्षकांचे आठ गट असतात, प्रत्येकात तीन माणसं, आणि गटाच्या वाट्याला चिठ्ठी टाकून तीस पुस्तकं येतात. प्रत्येकाने प्रत्येक पुस्तकाचा पहिला पाचवा हिस्सा वाचायचाच, त्यातून सुटका नाही. मग होय किंवा नाही. दोन होय पडले की पुस्तक पुढे जातं आणि तिघांना ते शेवटपर्यंत वाचून गुण द्यावे लागतात. लेखक ओळखीचा निघाला तर मत देण्याआधी सांगायचं, म्हणजे पुस्तक दुसऱ्या गटाकडे जातं. मत दिल्यावर उघड झालं तर पुस्तक त्या वर्षापुरतं बाद. नियम कडक, पण लबाड्या झाल्या म्हणूनच केलेला.

त्या मार्चमध्ये तिच्या गटात ई. रॉसिटर नावाच्या कुणाची 'बर्फाखालचे नऊ' आली. गुरूच्या एका चंद्रावर, बर्फाखालच्या समुद्रात नऊ माणसांची बोट अडकते, एवढीच गोष्ट. दोनशे तीस पानं. ग्वेंडाने नियमाप्रमाणे शेहेचाळीस वाचली आणि लिहिलं, 'पान शेहेचाळीस. हवा संपत आली, तरी लेखक अजून छताखालचे नळ मोजतोय, मग याच्या घरी जेवताना काय गप्पा होत असतील, देव जाणे.'

सकाळी टोस्टला मुरंबा लावता लावता तिने ते डेरेकला, म्हणजे नवऱ्याला, मोठ्याने वाचून दाखवलं. दोनशे लोक हसून गेले होते.

"कसं वाटलं?"

डेरेकने चहा ढवळला. "नेमकं आहे," तो म्हणाला आणि आपल्या शेडमध्ये निघून गेला. निवृत्त झाल्यापासून तो तिथे जुनी इंजिनं खोलत बसतो, असा तिचा समज होता.

तिच्या 'नाही'ने काही बिघडलं नाही. गटातल्या दोघांनी, कॉर्नवॉलच्या टॅम्सिनने आणि वेल्सच्या ओवेनने, होय म्हटलं.

"ग्वेंडाताई, दहा पानं अजून सोसा," टॅम्सिन फोनवर म्हणाली. "मी बसमध्ये रडले हो. शेजारच्या म्हातारीने रुमाल दिला."

"तू सूचना-फलक वाचूनही रडतेस," ग्वेंडा म्हणाली. पण नियम तो नियम. दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत ती सत्तेचाळिसाव्या पानावर आली.

त्या पानावर बोटीत घरून निरोप येतात. आठवड्याला एक, फार तर चाळीस शब्दांचा. उलट उत्तर पाठवायची सोय नाही. आणि बोटीवरच्या मेकॅनिकला त्याची बायको लिहिते, 'कपाटाचं दार पुन्हा अडतंय. टोमॅटो लाल झाले. तुझी आई बरी आहे, म्हणजे कुरकुरतेय. मांजर तुझ्या खुर्चीत झोपतं, मी उठवत नाही.'

ग्वेंडाच्या हातातलं सँडविच हातातच राहिलं. हे तिने लिहिलं होतं. एकोणीसशे एक्याण्णव साली, याच गावात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटांनी शब्द मोजून.

डेरेक बावीस वर्षं पाणबुडीवर मेकॅनिक होता. तीन तीन महिने समुद्राखाली. घरच्यांनी आठवड्याला चाळीस शब्द पाठवायचे, वाईट बातमी लिहायची नाही, कारण ती पोचूच देत नसत. तिचे वडील वारले तेव्हा डेरेकला ते सात आठवड्यांनी, धक्क्याला लागल्यावर कळलं होतं. परत आल्यावर तो बोटीबद्दल अवाक्षर काढत नसे. आधी गुपित म्हणून, आणि मग सवय म्हणून. तिनेही विचारणं सोडलं. एका वाक्यात माणसाची वासलात लावायची कला ती त्या चाळीस शब्दांतच शिकली होती.

आणि पुढे पानोपान त्या निरोपांना उत्तरं होती. मेकॅनिक मनात लिहितो, कधीच न जाणारी. 'दार ठोकू नकोस. थोडं उचल आणि ढकल, खालची बिजागरी सैल आहे. मी इथे छताचे नळ मोजतो, एकशे बारा आहेत. मोजणं थांबवलं की तुझा आवाज आठवत नाही.'

तिला बसल्या जागी लाज वाटली. बावीस वर्षं नवरा ज्या नळांखाली झोपला, ते नळ कंटाळवाणे म्हणून तिने जगासमोर हसण्यावारी नेले होते. आणि वर ते त्यालाच वाचून दाखवलं होतं!

मग सुरू झाली खरी कोंडी. सांगावं तर पुस्तक बाद, मत देऊन झालेलं. न सांगावं तर वीस वर्षांची पत मातीत, आणि ती स्वतः ज्यांना लबाड म्हणते त्यांच्या पंगतीत जाऊन बसणार. पुस्तक चांगलं आहे म्हणावं, तर नवऱ्याचं. वाईट म्हणावं, तर खोटं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओवेन रोज विचारायचा, "बाई, गुण कधी देताय? तुमच्यावाचून गाडी अडलीय." ती चष्मे पुसत राहायची. एका गिऱ्हाइकाला तिने दुसऱ्याचाच चष्मा दिला, आणि तो बिचारा दारापर्यंत चाचपडत गेला.

घरात तर श्वास घ्यायला जागा नव्हती. डेरेक समोर बसून वाटाणे-बटाटे खायचा. "मीठ दे." "हं." "पाऊस येईल." "येईल." मला कळलंय, हे याला ठाऊक असेल का? विचारावं तरी कसं? सहा जेवणं अशी झाली. तिने ब्लॉगवर ज्याची टर उडवली होती, त्याच जेवणाच्या टेबलाशी ती बसलेली होती.

रविवारी दुपारी ती शेडमध्ये गेली. इंजिन एकच होतं, धूळ खात पडलेलं. बाकी टेबल, जुना संगणक आणि बिस्किटांचा डबा. डब्यात तिचे सगळे निरोप, कडा झिजलेले.

"मला त्यांना सांगावं लागेल," ती म्हणाली.

"सांग."

"पुस्तक बाद होईल, डेरेक. जिंकलं असतं कदाचित."

"होऊ दे. मला कुठे जिंकायचं होतं?"

"मग घातलंस कशाला स्पर्धेत?"

तो स्क्रूड्रायव्हर पुसू लागला. "तुमचा नियम आहे ना, शेहेचाळीस पानं वाचावीच लागतात. चिठ्ठीत तुझ्याकडे आलं तर आलं, असं म्हटलं."

"अरे, पण हातात द्यायचंस की मला!"

"दिलं असतं. पण तू कितव्या पानावर खाली ठेवतेस, ते समोर बसून बघायची छाती नव्हती."

ग्वेंडा रडली, आणि ती रडकी बाई नव्हे. मग आत जाऊन तिने आयोजकांना लिहिलं, ई. रॉसिटर हे टोपणनाव, लेखक माझा नवरा आहे, मत देताना मला ठाऊक नव्हतं. तासाभरात पुस्तक बाद झालं. टॅम्सिनने फोन करून आरडाओरडा केला. ग्वेंडाने ऐकून घेतला. पुस्तकाची शिफारस ती आता कधीच करू शकणार नव्हती. जगात दुसरं कुणीही करू शकलं असतं, ती सोडून. आणि ते हसरं वाक्य तिच्या रीतीप्रमाणे तिथेच राहणार होतं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर डेरेकने बटाटे तिच्याकडे सरकवले. "मग? कितव्या पानावर ठेवलंस?"

"दोनशे तीस."

"पुस्तक तेवढंच आहे."

"म्हणूनच ठेवलं," ती म्हणाली. "आता त्या नळांचं सांग. एकशे बारा ना? पहिल्यापासून सांग."