लिसियन भाषेतला भाचा

इंदापूरला आमच्या शेजारी संस्कृतचे एक मास्तर एकटेच राहत. तुर्कस्तानातल्या लिसियन नावाच्या मेलेल्या भाषेतले, थडग्यांवरचे लेख ते वाचत. अडलेला शब्द भाजी निवडतानाही पुटपुटत राहत. एका सकाळी कुंपणाशी येऊन म्हणाले, "वहिनी, अर्थ लागला. भाचा! या माणसाला बायको-पोरं नव्हती. त्यानं थडग्यात भाच्यासाठी जागा ठेवलीय."

"तुमाला हाय का कुणी भाचा?" आमच्या हिनं विचारलं.

"हाय, कळसला. पण बहिणीशी बोलणं न्हाय."

दुपारच्या गाडीनं ते कळसला गेले आणि दिवेलागणीला परतले.

"भेटला का भाचा?" मी विचारलं.

"भेटला. त्यानं ओळखलं न्हाय," मास्तर म्हणाले. "मीही नाव सांगितलं न्हाय. पाणी मागितलं, पिऊन आलो."