जनाआजीचा नीलम

मंडळी, दुपारपासून काहीच सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

जनाआजी माझ्या आजोबांची बहीण. वय सत्त्याण्णव. सोमाटण्याला आमच्याकडेच असते. चव्वेचाळीस साली तिचा नवरा लोणावळ्याला रेल्वेत होता. त्याला बढती मिळावी म्हणून तिने हट्टाने त्याच्या बोटात नीलमाची अंगठी घातली. आठवड्याभरात तो तापाने गेला. "तुझ्या नीलमानं आमचा पोरगा खाल्ला," असं म्हणत सासरच्यांनी तिला त्या अंगठीसकट माहेरी आणून सोडलं. ती परत गेलीच नाही.

आज सकाळी तिने ती अंगठी माझ्या हातात दिली. "मोडून टाक. माझ्यामागं कुणाच्या बोटात जाया नको."

तळेगावच्या सोनारांनी खडा काढून भिंगाखाली आणि मग यंत्रावर तपासला. म्हणाले, "हा नीलम नाहीच. नीलम आणि पिवळा पुष्कराज एका जातीचे. हा साधा स्फटिक. पिवळा असला की त्याला 'सुनेला' म्हणतात, असा निळसर जांभळा असला की 'कटेला'. याला कुणी घाबरत नाही."

मी तशीच घाईने घरी आले. वाटलं, इतक्या वर्षांनी तिला सुटल्यासारखं होईल.

"आजी, तो नीलम नव्हताच. तुझ्यामुळे काही झालं नाही."

तिने खडा तळहातावर घेतला. बोटाने उलटा करून पाहिला. मग म्हणाली, "मंग त्ये कशानं गेलं गं?"

तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून आहे, जेवलीही नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर सांगितलं असतं का?