चतुर्थीच्या दिवशीचा घास

“उपास, अन् त्यात बेसन? शिस्टर, तू मले येडी समजतं काय वं?”

“खरं सांगून राह्यली ना मावशी. थ्या लोकाईचा उपास म्हंजे मटन-अंडं-दूध बंद. वरन खा, बेसन खा, मसूर खा. साबुदाना तं त्याइले मालूमच नाई.”

“मंग उपास काऊन म्हंता त्याले?”

“हेच मले त्याइनं इचारलं! भगर खाता, बटाटे खाता, शेंगदाने खाता, मंग उपास काऊन म्हंता म्हने.”

धाडच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या बाया खदखदल्या. सगळ्यात मोठ्यानं गोजरबाई. तिचंच बीपी पाहायचं होतं, पण बीपीचा पट्टा हातात धरून कोकिळाबाई इथिओपियात जाऊन पोचली होती.

कोकिळाबाई देऊळघाटची. सारा जन्म सरकारी नर्स. किती लेकरं तिच्या हातावर जन्मली ते तिलाही सांगता यायचं नाही. नोकरी संपल्यावर ती डॉक्टर रेवतीच्या या दवाखान्यात बसू लागली. रेवतीच्या ओळखीची डॉक्टर मंडळी दरसाल इथिओपियातल्या एका डोंगरी गावात फुकट दवाखाना चालवायला जातात. त्यांना बाळंतपणात मुरलेली नर्स पाहिजे होती. कोकिळाबाई हो म्हणून मोकळी झाली.

गावाला काही हे पचलं नाही. पगार नाही म्हणते, मग चालली काऊन?

“पाहाले,” ती म्हणे. “तठीच्या बाया कशा राह्यतात, काय रांधतात, कशा बाळंत होतात. आपल्याइकडचं पाहून झालं ना सारं.”

तिकडचं जेवण फिक्कं असेल म्हणून तिनं सोबत तिखटाची पिशवी नेली. पहिल्याच घासाला नाकातून पाणी आलं. त्यांचा लाल मसाला आपल्या ठेच्याला रडवील असा. पिशवी बांधलेलीच राहिली. भाकरीच्या जागी जाळीदार, आंबूस धिरडं, पाटाएवढं. त्यावर शिरो नावाचं बेसनासारखं कालवण. सगळं घर एकाच ताटात जेवतं, आणि ज्याच्यावर माया त्याच्या तोंडात आपल्या हातानं घास घालतं. आपल्याकडे लग्नात एकदा घास भरवतात अन् फोटोपुरतं लाजतात. तिकडे हे रोजचं. कोकिळाबाई हे सगळं डोळे फाडून पाहायची. उष्ट्याचा मात्र तिला मोठा विटाळ. दुसऱ्याच्या हातचा घास म्हटला की तिची मान आपोआप मागं जायची.

एका बुधवारी ती तिथली नर्स टिगिस्त हिच्यासोबत डोंगरावरच्या एका घरी गेली. अबेबा नावाच्या म्हातारीची सून अल्माझ पहिलटकरीण होती. टिगिस्तला बरं इंग्रजी यायचं, कोकिळाबाईला दवाखान्यापुरतं. तेवढ्यावर दोघींचं भागायचं. पोरीच्या पायाला बोट लावलं तर खळगा पडत होता. डोकं ठणकत होतं, बीपी चढलेलं. पोरीला त्याच दिवशी शहराच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. नाही तर झटके येऊन दोन्ही जीव जायचे. टिगिस्तनं सोबतची गोळी दिली, गाडीसाठी फोन केला. गाडीला घाट चढून यायला वेळ होता.

सुनेला न्यायचं म्हटल्यावर म्हातारीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. जमिनीवर हिरवं गवत पसरलं आणि कॉफीचे हिरवे दाणे तव्यावर भाजायला घेतले. धूर पाहुणीच्या नाकापुढे फिरवला. काळ्या मातीच्या सुरईतून कान नसलेल्या चिमुकल्या कपात कॉफी ओतली. सोबत लाह्या. मग ताट मांडून धिरड्याचा घास केला आणि तो कोकिळाबाईच्या तोंडापुढे धरला.

कोकिळाबाईची संकष्टी होती. लग्न झाल्यापासून एकही चुकली नव्हती. तिनं मान मागं घेतली. “उपास आहे म्हणून सांग,” ती टिगिस्तला म्हणाली. एक कप संपवला आणि उठली. एका घरी दुसरा चहा घेणारी नर्स आपल्याकडे हावरट ठरते.

अंगणात आल्यावर टिगिस्तनं तिचा हात धरला.

“म्हातारी सून पाठवणार नाही. तिचाही आज उपास आहे, ताटात उपासाचंच आहे. तिला वाटतं, तुम्ही खोटं बोललात. तिच्या हातचं नको म्हणून. वर पहिल्या कपावर उठलात. तिसरा कप घराच्या आशीर्वादाचा असतो. जिला आमचा आशीर्वाद चालत नाही तिच्या हाती सून कशी देऊ, म्हणते.”

“अवं माय,” कोकिळाबाई म्हणाली. “मले कोनं सांगतलं व्हतं?”

आतून अल्माझचं कण्हणं येत होतं. मग चपला काढून ती परत आत गेली, म्हातारीसमोर गवतावर मांडी घातली आणि आ केला.

म्हातारीनं ताट जवळ ओढलं. मग असा घास केला की लिंबाएवढं तोंड उघडून भागेना. बोटं ओठांना लागली. धिरडं नाकाशी आलं, मसाल्यानं डोळे भरले. कोकिळाबाईनं चावलं, गिळलं, परत आ केला. म्हातारी पहिल्यांदा हसली. पुढल्या दातांत मोठी फट होती. दुसरा कप झाला, तिसरा झाला. खाली गाडीचा भोंगा वाजला तेव्हा म्हातारीनं स्वतः सुनेच्या खांद्यावर पांढरी शाल टाकली आणि तिच्यासोबत गाडीत जाऊन बसली.

“मंग?” गोजरबाईनं विचारलं.

“मंग काय. पोरगी झाली. माय बी चांगली, लेक बी चांगली.”

“अन् चतुर्थी?”

“मोडली ना वं.”

“इतक्या वर्साची! पाप लागलं अशीन तुले.”

“लागलं अशीन तं लागो. गनपतीले बी मालूम हाय, पोट कोनाचं भरलं अन् जीव कोनाचा राह्यला.”

“घास कसा लागला पन?”

“आंबट. चांगला व्हता, खोटं काऊन बोलू? आन तो दंड इकडं. बाही वर कर. अन् आता बोलू नोको बरं मावशी. बोललं का हे बीपी वाढून दाखोते.”

गोजरबाईनं तोंड मिटलं. कोकिळाबाईनं पट्टा आवळला आणि फुगा दाबायला सुरुवात केली.