बारशाच्या व्हिडिओतला आवाज

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन... रिपोर्टवर छापून येतं तेवढंच खरं मानणारी बाई.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला मुलगा झाला. बारसं घरातच केलं, मुलुंड पूर्वेला, आमच्या वन बीएचकेत — मी, माझी आई, नवरा मंगेश आणि नणंद स्वाती. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून तिला बोलावलं. ती मास्क खाली करून बाळाच्या कानाशी वाकली, मी हौसेने तिच्या पाठीत धपाटे घातले. मंगेश मोबाईलवर शूटिंग करत होता.

बारशानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ दूध ओढेना. उठवलं तरी परत डोळे मिटायचं. ताप नव्हता, म्हणून मंगेश म्हणाला, गॅस झाला असेल, उगाच हॉस्पिटलच्या गर्दीत नको. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? जीव रमावा म्हणून बारशाचा व्हिडिओ लावला. 'कुर्र'च्या जरा आधी एका बाईचा आवाज आला, अगदी मोबाईलजवळून.

"बाबू, स्वातीक लांब कर. पोराक जप."

बोली मालवणी, मंगेशच्या घरची. माझी आई घाटावरची, तिला ती येत नाही. स्वाती तर पाळण्यात वाकलेली. मग बोललं कोण? मी तडक स्वातीला फोन लावला आणि सरळ विचारलं, तुला काही झालंय का? ती रडायलाच लागली.

"बारशाच्या सकाळीच रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता, वहिनी. पण त्रास काहीच नव्हता. दादा म्हणाला, तू ये, तिला सांगू नकोस."

अख्ख्या मुलुंडचे रिपोर्ट माझ्या हातून जायचे, आणि हा एक माझ्याच नवऱ्याने माझ्यापासून लपवला! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी बाळाचं झबलं वर केलं. श्वास भराभर, बरगड्या आत खेचल्या जात होत्या.

हॉस्पिटलमध्ये नेलं, बाळ पॉझिटिव्ह निघालं. डॉक्टर म्हणाले, इतक्या लहान बाळांना ताप येतोच असं नाही — दूध न ओढणं, सुस्ती, जोराचा श्वास, हेच बघायचं. खास औषध नव्हतं. ऑक्सिजन, सलाईन आणि माझं दूध... मास्क लावून, हात धुऊन काढलेलं. आणखी काही तास थांबला असतात तर अवघड होतं, असंही ते म्हणाले.

आठ दिवसांनी बाळ घरी आलं. मी तो व्हिडिओ आईला लावून दाखवला, तर त्यात आवाजच नाही. फक्त 'कुर्र' आणि आमचं हसणं. 'बाबू, स्वातीक लांब कर' असं ऐकलं होतं, पण मला भास झाला असेल, असं मी मंगेशला म्हटलं.

"भास नाही. मला बाबू फक्त आई म्हणायची," तो म्हणाला. माझ्या सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या, मी त्यांचा आवाज कधी ऐकलेला नाही. "मी बारशालाच ऐकलं होतं. शूटिंग करताना."

मुलगा आता शाळेत जातो. त्या आवाजाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण सख्ख्या आईने कानाशी येऊन सांगितलं, तरी हा माणूस मोबाईल धरून गप्प उभा राहिला... त्याचंही नाही.